तळमजल्याच्या घरात १० × ५ फुटांचं मोठ्या माशांचं कुंड: बांधकाम आणि फिल्टरबद्दल सल्ला हवा

गोरेगावचा_छंदी
नमस्कार मंडळी. बिल्डिंग जुनी, चार मजली, खाली पार्किंग नाही. माझं घर तळमजल्यावर आहे. १४ × १० ची मागची खोली रिकामी आहे. तिथे आतून १० फूट लांब, ५ फूट रुंद आणि अडीच फूट पाणी राहील असं कुंड करायचा विचार आहे. गवंडी म्हणतो नऊ इंची विटांचं बांधू आणि आतून वॉटरप्रूफिंग करू. मासे: एक सिल्व्हर अरोवाना, एक रेडटेल कॅटफिश, दोन पाकू. म्युनिसिपालिटीचं पाणी सकाळी दोन तास, नंतर गच्चीवरच्या टाकीचं. फिल्टर कसा करावा? आणि विटांचं ठीक आहे का?

साइटवाला
आधी वजन बघा. १० × ५ × २.५ म्हणजे १२५ घनफूट, साधारण ३,५४० लिटर, म्हणजे साडेतीन टन. हे सगळे धरतात. विटांचं कोणी धरत नाही. तीन फूट उंच, नऊ इंची भिंत चारही बाजूंनी घातलीत की तिचंच वजन चार टनांच्या आसपास जातं. म्हणजे पाण्यापेक्षा कुंड जड.

साडेचार इंची भिंत घालून वजन वाचवू म्हणाल तर तेही नको. अडीच फूट पाण्याचा दाब दहा फुटी भिंतीवर एकूण जवळजवळ ९०० किलो येतो. पातळ भिंत मधोमध बाहेर फुगते, मग कोपऱ्यात केसासारखी चीर पडते आणि वॉटरप्रूफिंग तिथेच सुटतं.

माझं मत: १९ मिमी मरीन प्लाय (आयएस ७१० छाप बघूनच घ्या), बाहेरून ५० × ५० मिमीच्या लोखंडी चौकोनी पाइपची फ्रेम, दर दोन फुटांवर उभा पाइप, वर-खाली आडवी पट्टी. सगळं मिळून चार-पाचशे किलोंत बसतं आणि उद्या घर विकायचं झालं तर खोलून नेता येतं. आपल्याकडच्या दमट हवेत फ्रेम गंजणार, तेव्हा वेल्डिंग झाल्याबरोबर इपॉक्सी प्रायमर, सांधे घासून दोन हात.

खालची लादी भरावावर असते आणि जुन्या बिल्डिंगमध्ये भराव बसलेला असतो. ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर लादी काढून पाच इंची आरसीसी स्लॅब, १० मिमी सळई सहा-सहा इंचांवर, आडवी आणि उभी दोन्हीकडे. कुंड भिंतीला आणि कॉलमला टेकवू नका, चारही बाजूंनी निदान दीड फूट मोकळं ठेवा. पाणी गळलं तर कुठून हे दिसायला हवं. सोसायटीला लेखी कळवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा दाखवा.

वरच्या मजल्यावरचे कोणी हे वाचत असतील तर: घराच्या स्लॅबचं डिझाइन चौरस मीटरला २०० किलोंच्या हिशेबाने असतं. अडीच फूट पाणी म्हणजे ७६० किलो. विषय संपला.

पाइपलाइन
आतून एफआरपी (काचतंतूची मॅट आणि रेझिनचा कडक थर) की लायनर (अंथरायची जलरोधक चादर) हे ठरवा. एफआरपी केलंत तर ४५० ग्रॅमच्या मॅटचे तीन थर, वर जेलकोट (रेझिनचा गुळगुळीत शेवटचा हात). रेझिनचा वास आठवडाभर राहतो, खिडकी उघडी ठेवा, मग भरून-ओतून दोन-तीनदा धुवा. लायनर घेतलात तर एक मिमी ईपीडीएम (रबराची चादर), १८ × १३ फूट (लांबी आणि रुंदी, प्रत्येकीत भिंतीची उंची दोनदा आणि वर दोन फूट). कोपऱ्यांतल्या घड्यांत घाण साचते, म्हणून मला एफआरपी बरं वाटतं.

आता मुख्य गोष्ट, बॉटम ड्रेन, म्हणजे तळातून पाणी बाहेर नेणारं तोंड. मोठा मासा खातो तेवढंच हगतो, आणि ते तळातून लगेच बाहेर गेलं नाही तर पंप त्याचा चुरा करून पाण्यात परत कालवतो. तळाला मध्याकडे दोन इंच उतार द्या. ड्रेनचं पाणी आपल्या वजनाने पहिल्या २०० लिटरच्या निळ्या ड्रममध्ये जाईल (घाण खाली बसायला), तिथून दुसऱ्या ड्रममध्ये ब्रश आणि मॅट, तिसऱ्यात १०० लिटर के-वन मीडिया (जिवाणू वाढायला प्लास्टिकच्या छोट्या चकत्या) खालून हवा देऊन फिरता. पंप सगळ्यांत शेवटी. ताशी ६,००० लिटरचा घ्या, उंची आणि एल्बो धरून हातात चार-साडेचार हजार पडतील.

ड्रमची उंची विसरू नका. ड्रम साधारण ३६ इंच. कुंडाचा तळ पाइपसाठी आठ इंच उचलला की पाण्याची पातळी ३८ इंच होते. ड्रम जमिनीवरच ठेवलात तर पंप बंद पडताच खोलीत पूर. सहा इंचांच्या स्टँडवर चढवा.

गोरेगावचा_छंदी
साइटवाला, पाइपलाइन, खूप आभार. प्लायचंच करतो. ड्रेनला ११० मिमी पाइप घालू ना? दुकानदार तेच म्हणतो.

पाइपलाइन
नको, ७५ मिमी. ११० मधून ताशी पाच हजार लिटर म्हणजे सेकंदाला जेमतेम १७ सेंटिमीटर, घाण पाइपातच बसते आणि सडते. ७५ मध्ये वेग दुप्पट होतो. शिवाय ड्रम रिकामा करताना ११० चा लोंढा न्हाणीच्या जाळीला झेपत नाही.

विजेचं: ३० एमएचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच बंद करणारा स्विच), सगळे प्लग पाण्याच्या पातळीच्या वर, वायरला खाली झोळ देऊन, म्हणजे थेंब प्लगपर्यंत जात नाहीत. मिनिटाला ६० लिटरचा एअर पंप इन्व्हर्टरवर. मे महिन्यात पाणी ३१ अंशांपर्यंत जातं, तेव्हा त्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो. लाइट गेली तर मोठे मासे आधी वर येतात.

पाणीपरीक्षक
आपलं पाणी तलावांचं, मऊ. केएच (पीएच टिकवून धरणारा पाण्यातला क्षार) कमी. फिल्टरमधले जिवाणू माशांच्या घाणीतला अमोनिया पचवताना हाच केएच खातात, त्यामुळे भरपूर खाणाऱ्या माशांच्या कुंडात पीएच काही महिन्यांत कोसळतो. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं आणि मासे सुस्त पडतात. टेस्ट किटमध्ये केएच असलाच पाहिजे. ५ च्या खाली जाऊ देऊ नका. खाण्याचा सोडा १,००० लिटरला ३० ग्रॅम टाकला की केएच एक अंशाने वाढतो. तुमच्या कुंडाला फिल्टर धरून ११५-१२० ग्रॅम, बादलीत विरघळवून, दिवसाला एकदाच.

पण पीएच ६ पर्यंत आधीच पडला असेल तर सोड्याचा डबा उघडण्याआधी अमोनिया तपासा. कमी पीएचला तो निरुपद्रवी रूपात असतो. पीएच एकदम ८ केलात तर त्यातला विषारी भाग शंभरेक पटींनी वाढतो आणि रात्रीत सगळे मासे उलटे. अमोनिया दिसला तर खाणं बंद, रोज थोडं थोडं पाणी बदलून पीएच सावकाश वर.

दर आठवड्याला ८०० ते १,००० लिटर बदलावे लागतील. एक हजार लिटरची टाकी वेगळी ठेवा, सकाळी भरा, १० ग्रॅम हायपो (क्लोरीन मारणारे खडे) टाका, हवा सोडा. नळ थेट कुंडात नको, विशेषतः पावसाळ्यात, तेव्हा क्लोरीनचा वास जास्त येतो. मासे आणण्याआधी अमोनियम क्लोराइडने फिल्टर सुरू करा, म्हणजे जिवाणू आधी वाढतील. नायट्राइट (अमोनिया पचताना बनणारं विष) वर जाऊन शून्यावर येईपर्यंत थांबा. आपल्या उकाड्यात महिनाभर पुरतो.

क्रॉफर्ड_कट्टा
माशांचं कोणीच बोललं नाही. रेडटेल काढून टाका. चार फुटांच्या पुढे जातो आणि पाच फुटी रुंदीत त्याला वळताच येणार नाही. वर तोंडात मावेल ते गिळतो, दगडसुद्धा. पाकू दोन म्हणजे घाणीचा कारखाना. एक अरोवाना, पाच-सहा टिनफॉइल बार्ब आणि फार तर एक जायंट गोरामी, एवढ्यात कुंड भरलं. अरोवाना उडी मारतो, जाळीचं झाकण क्लिपने घट्ट बसवा, नुसतं ठेवलेलं ढकलून बाहेर येतो.

दुकानात रेडटेल चार इंचांचा, गोंडस दिसतो. मोठा झाल्यावर घेणारा कोणी मिळत नाही, मग लोक पवई तलावात नेऊन सोडतात. ते अजिबात करायचं नाही.

गोरेगावचा_छंदी
रेडटेल आणि पाकू रद्द. या रविवारी लादी ठोकून बघतो आणि स्लॅबचा अंदाज घेतो. ड्रेनचा फ्लँज (तोंडाभोवतीची चपटी कड) एफआरपीत बसवायचा तर मॅटच्या थरांच्या आधी की नंतर?

पाइपलाइन
आधी. प्लायमध्ये फ्लँज तळाच्या पातळीला बुडवून बसवा, प्लास्टिक खरखरीत घासा, मग पहिले दोन थर त्याच्या कडेवर चढवून घ्या. तरी रेझिन पीव्हीसीला मनापासून चिकटत नाही, म्हणून वरून क्लॅम्प रिंग, स्टेनलेसचे स्क्रू आणि मध्ये सिलिकॉन. फिल्टर जोडण्याआधी ड्रेनला बूच मारून तीन दिवस भरून ठेवा आणि पातळीची पेन्सिलने खूण करा.