जिप्सम सीलिंगचा रंग फुगलाय, पोपडे निघताहेत. खरवडून रंगवू की बोर्डच बदलू?

नमस्कार मंडळी,

साताऱ्यात शाहूपुरीला शेवटच्या मजल्यावर फ्लॅट आहे, डोक्यावर थेट गच्ची. हॉलला जिप्सम बोर्डाचं सीलिंग आहे, तीनेक वर्षांपूर्वी केलेलं. यंदाच्या पावसात ते दोन जागी बिघडलं. खिडकीकडे ताटलीएवढा फुगा आलाय, कडेनं तपकिरी डाग, दाबलं तर मऊ लागतं. पंख्याजवळ मात्र डागबिग काही नाही, नुसते पापुद्रे सुटलेत. पंखा लावला की चहात पडतात.

रंगारी म्हणतो, "खरवडतो, लांबी (पुट्टी) भरतो, दोन हात मारतो, विषय संपला." सीलिंगवाला म्हणतो, सगळं उतरवा. दोघंही आपापलं दुकान बघताहेत असं वाटतं. त्यात घटस्थापनेच्या आत घर झालं पाहिजे असा सासूबाईंचा हुकूम. कुणी असं काम करून घेतलंय का? आधी गच्ची की आधी सीलिंग?

कराडकर:
ही दोन वेगळी दुखणी आहेत, एकाच औषधानं जाणार नाहीत.

पंख्याजवळचा एक पापुद्रा काढा आणि त्याची पाठ बघा. पाठीला पांढरी भुकटी असेल, बोटाला खडूसारखी लागत असेल, तर पुट्टी घासल्यावर धूळ न पुसता किंवा प्रायमर न मारता रंग ओढलाय. रंगानं धूळ धरली, बोर्ड धरलाच नाही. पाठीला बोर्डाचा कागद चिकटून आला, तर मात्र बोर्डात ओल आहे.

खिडकीकडे तर पाणीच दिसतंय. त्या बाजूचा पॅनेल लाइट काढा. आधी एमसीबी बंद करा, ओल्या सीलिंगमध्ये वायरी असतात. लाइट स्प्रिंगच्या क्लिपवर असतो, खाली ओढला की निघतो. त्या भोकातून मोबाइल वर घालून टॉर्च लावून व्हिडिओ घ्या. स्लॅबला ओल आहे का, बोर्ड ज्यांवर स्क्रूनं बसवतात ते पत्र्याचे चॅनेल गंजलेत का, सगळं दिसेल.

धागाकर्ता:
भारी सुचवलंत. पंख्याजवळ निव्वळ भुकटी निघाली. खिडकीकडे स्लॅब काळपट आहे, एक चॅनेल गंजलाय आणि बोर्डाच्या पाठीवर पाण्याचा ओघळ. फुगा फोडू का?

मिरजवाला:
फोडा, पण खाली बादली ठेवा आणि कडेनं बारीक भोक पाडा. मधोमध खुपसलंत तर भिजलेला तुकडाच डोक्यावर यायचा.

२०१९ च्या पुरात आमच्या सांगलीच्या दुकानातलं जिप्समचं पार्टिशन भिजलं होतं. वाळल्यावर वरून बरं दिसायचं म्हणून ठेवलं. पुढे कागदामागे काळी बुरशी, आणि स्क्रूजवळ नख लावलं तरी माल भुगा होऊन पडायचा. म्हणून जो भाग मऊ किंवा खाली झुकलेला आहे तो कापूनच काढा. चांगल्या चॅनेलपासून चॅनेलपर्यंत चौकोन कापायचा, तेवढ्याच जाडीचा तुकडा स्क्रूनं बसवायचा, सांध्यावर टेप आणि जिप्समची जॉइंट पुट्टी. गंजलेला चॅनेलही त्याच वेळी बदला. सगळं सीलिंग उतरवायची गरज नाही.

कराडकर:
बरोबर. आणि गच्ची आधी. कोब्याला भेगा आहेत का, पाण्याच्या पाइपाजवळचा आणि कठड्याच्या कोपऱ्यातला गोला (सिमेंटचा गोलसर सांधा) सुटलाय का, ते बघा. बहुतेक वेळा पाणी तिथूनच शिरतं. शिरतं एकीकडे आणि टपकतं भलतीकडेच, त्यामुळे डागाच्या बरोबर वर खोदत बसू नका. गच्चीचं काम उघडीप मिळाल्यावर करा, ओल्या कोब्यावर कोटिंग धरत नाही. मग पाणी उतरायच्या पाइपाचं तोंड बंद करून एक दिवस पाणी साठवून बघा. खाली ओल आली नाही तरच सीलिंगला हात लावा.

पंख्याजवळचं काम सोपं आहे. सुटलेला सगळा रंग पत्र्यानं खरवडा, घट्ट बसलेल्या कडा घासकागदानं उतरत्या करा, धूळ ओल्या फडक्यानं पुसा. कागद उघडा पडला असेल तर आधी प्रायमर, मगच ॲक्रिलिक पुट्टी. उघड्या कागदावर ओली पुट्टी गेली की तोच कागद पुन्हा फुगतो. घासून झालं की परत धूळ पुसायची, परत प्रायमर. ही धूळ पुसायची पायरी रंगारी हमखास गाळतात, समोर उभे राहा.

सांगलीची सून:
एक राहिलं. कडेच्या चांगल्या बोर्डावर तपकिरी डाग उरेल. त्यावर पाण्याचा प्रायमर मारला तर डाग रंगातून परत वर येतो. तेवढ्या भागाला ऑइलचा प्रायमर मारून घ्या, पूर्ण वाळू द्या, मग नेहमीचा रंग. आणि सासूबाईंना सांगा, खिडकीकडचं काम दिवाळीला. आत्ता पंख्याकडचं उरकून टाका, म्हणजे चहा तरी सुटेल.

धागाकर्ता:
हे पटण्यासारखं आहे, घरात पटवतो. गच्ची सामाईक आहे, तेव्हा सोसायटीला उद्याच अर्ज देतोय आणि सोबत त्या भोकातला व्हिडिओही.