मदत हवी आहे: दहावीतल्या मुलाशी लैंगिकता आणि मुलींशी वागणं या विषयावर कोणत्या शब्दांत बोलायचं?

मुलगा दहावीत, मुलगी सातवीत. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो. गेल्या आठवड्यात मुलाच्या मोबाईलवर क्लासच्या नोट्स शोधताना वर्गातल्या पोरांचा एक ग्रुप उघडला गेला. स्नेहसंमेलनात नाचलेल्या मुलींचे फोटो टाकून त्यांना दहापैकी मार्क दिले होते. खाली जे लिहिलं होतं ते इथे लिहवत नाही. माझ्या मुलाने एक शब्दही लिहिला नव्हता, फक्त हसरे इमोजी टाकले होते. विचारलं तर आधी चिडला, मग रडवेला होऊन म्हणाला, "हसलो नसतो तर मला बायल्या म्हणाले असते. एकाला म्हणतातच."

तेव्हापासून झोप नाही. त्या मुलींपैकी एक शेजारची आहे, माझ्या घरी जेवून मोठी झालेली.

मग त्याचं विज्ञानाचं पुस्तक काढून बसले. भाग २ मधल्या धड्यात स्त्री-पुरुषांची प्रजननसंस्था, मासिक पाळी, टेस्ट ट्यूब बेबी, सरोगसी, सगळं आहे. शाळेत मात्र "आकृत्या पाठ करा, बाकीचं घरी वाचा" एवढंच झालं. सरांवर राग नाही माझा. २००७ मध्ये आपल्या राज्याने शाळांतलं लैंगिक शिक्षण विरोधापुढे थांबवलं होतं. मास्तरांना भीती वाटणारच. पण धडा नीट शिकवला असता तरी, मुलगी नको म्हणाली की थांबायचं, मित्र चुकत असतील तर हसायचं नाही, हे त्यात कुठे आहे? मुलीच्या शाळेत पाळीची माहिती द्यायला बाई आल्या, तेव्हा मुलांना मैदानावर पाठवलं. माझ्या शाळेतही असंच व्हायचं.

माझ्या लग्नाच्या आदल्या रात्री मावशीने एवढंच सांगितलं होतं, "ते म्हणतील तसं वाग." तेवढ्या शिदोरीवर मी संसाराला लागले. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

ह्यांचं म्हणणं, "आम्हाला कुणी शिकवलं होतं? कळतं आपोआप." आपोआप काय कळतं ते त्या ग्रुपवर पाहिलंच. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक शिक्षणावरचं मासिक काढलं, कोर्टकचेऱ्या सोसल्या, पण हे विषय मराठीत उघडपणे मांडले. आणि आज माझ्या घरात मला शब्द सापडत नाहीत. जे आहेत ते एकतर पुस्तकातले, नाहीतर शिव्यांमधले. मुलासमोर दोन्ही तोंडातून निघत नाहीत.

तुमच्या घरी हे कोण बोललं, आई की बाबा? कोणते शब्द वापरलेत? त्याला 'तू वाईट' असं वाटू न देता, हसण्यातही तुझा वाटा होता हे कसं सांगू?

दुसरं, त्या मुलींच्या आयांना सांगायचं का? मुलींना कळायला हवं असं मनापासून वाटतं. पण कळलं की पहिला नाच बंद होईल, मग क्लास, आणि एखाद्या घरात स्थळं बघायला लागतील. शिक्षा त्यांनाच.

पुढच्या शनिवारी पालकसभा आहे. मुलगे-मुली एकत्र बसवून कुणा डॉक्टर किंवा समुपदेशकांचं सत्र ठेवा, असं सुचवायचंय, ग्रुपचं नाव न काढता. कुणी शाळेत हे घडवून आणलं असेल तर हेडसरांशी पहिलं वाक्य काय बोललात, तेवढं तरी नक्की लिहा.