कॉलरबोन मोडलंय, पण डोकंही दुखतंय. गोळ्यांमुळे असेल का?

सहकारनगरची आई (मंगळवार रात्री)
माझी मुलगी नववीत आहे, कबड्डीत डावा कोपरा खेळते. रविवारी पकड करताना चढाई करणाऱ्या मुलीसकट मॅटबाहेर पडली आणि कॉलरबोन मोडलं. एक्स-रे झाला, हात झोळीत बांधला, गोळ्या दिल्या. डोक्याचं कुणी विचारलं नाही, मीही नाही. काल दुपारपासून डोकं दुखतंय, ट्यूबलाइट लावू देत नाही, वरणभातही नको म्हणते. आज तिसऱ्यांदा विचारलं, "आपण जिंकलो का गं?" तिचे बाबा म्हणतात, गोळ्यांची गुंगी आहे. बेशुद्ध अजिबात पडली नव्हती. गुरुवारी घटक चाचणी आहे, बसू देऊ का?

मॅटच्या कडेचा फिजिओ
ताई, चाचणीचं नंतर बघू. आज रात्रीच डॉक्टरांना दाखवा. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, मानेत दुखणं, दोन-दोन दिसणं, हातापायात मुंग्या किंवा उठवूनही नीट जागी न होणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच १०८.

बेशुद्ध न पडताही कन्कशन, म्हणजे मार बसून मेंदूला बसलेला धक्का, होतं, बहुतेकदा तसंच होतं. त्रास दुसऱ्या दिवशीही सुरू होऊ शकतो. गुंगी गोळीची असू शकते, हे खरं. म्हणून प्रत्येक गोळीची वेळ आणि डोकं कधी दुखलं ते कागदावर लिहून डॉक्टरांना द्या. पण तोच प्रश्न तीनदा विचारणं मी गोळीवर ढकलणार नाही.

माझ्याकडूनही हे सुटलं आहे. बालेवाडीला एका मुलाची गुडघ्याची वाटी सरकली. तो ओरडत होता, मी गुडघाच बघत बसलो. रिक्षात त्याने दोनदा विचारलं, "आपण कुठे आलोय?" तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मोडलेलं हाड दिसतं, दुखतं, सगळ्यांचं लक्ष ओढून घेतं. शिवाय एका पायावर उभं करून तोल बघायची चाचणी अशा मुलावर करताच येत नाही. आता हाड बांधत असतानाच मी विचारतो: मैदान कुठलं? पहिला डाव की दुसरा? शेवटचा गुण कोणी घेतला? मागचा सामना कोणाशी होता, जिंकलो का? मग महिने डिसेंबरपासून उलटे म्हणायला लावतो. त्याला पाय लागत नाही.

आणि तिच्या संघातल्या मुलींना विचारा. पडताना काय आपटलं ते त्यांनीच पाहिलेलं असतं.

सणस मैदानावरचा प्रशिक्षक
फिजिओंशी सहमत. ४ डिसेंबर २०२०, कॅनबेरा, भारत-ऑस्ट्रेलिया टी-२० सामना. फलंदाजी करताना जडेजाचा हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) दुखावला होता, त्यात शेवटच्या षटकात स्टार्कचा चेंडू हेल्मेटवर बसला. तो डाव संपेपर्यंत खेळला, त्याच्या जागी कन्कशनसाठी मिळणारा बदली खेळाडू म्हणून चहल आला, आणि वाद पेटला की दुखणं पायाचं, बदली डोक्याची कशी? मला तो वाद फार खटकला. पाय दुखावला म्हणजे डोकं शाबूत राहतं का? आदल्या वर्षी लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाच्या स्मिथला इंग्लंडच्या आर्चरचा चेंडू मानेवर लागला, तपासणीत पास होऊन तो पुन्हा फलंदाजीला आला, आणि दुसऱ्या दिवशी त्रास जाणवल्यावर त्याच्या जागी लाबुशेनला खेळवावं लागलं. तो तर मोठा खेळाडू, भोवती डॉक्टर. आमच्या मैदानावर बर्फाची पिशवी असते आणि मी असतो.

सहकारनगरची आई (बुधवार दुपारी)
काल रात्रीच नेलं. सीटी स्कॅन साफ आहे. मी हुश्श केलं, तर डॉक्टर म्हणाल्या, स्कॅन रक्तस्राव बघायला असतो, कन्कशन त्यात दिसत नाही. लक्षणांवरून कन्कशनच म्हणाल्या. दोन दिवस मोबाइल जवळपास बंद, मग घरातल्या घरात थोडं चालायचं, अभ्यास हळूहळू. चाचणी सोडली. हाड जुळलं तरी डोक्याची वेगळी परवानगी मिळेपर्यंत मॅटवर जायचं नाही.

तिच्या मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "काकू, तिचा कान माझ्या गुडघ्यावर जोरात आपटला होता. पण सगळे हाताकडेच बघत होते, म्हणून मी बोलले नाही."