अंतःकरणातील बदल देव घडवतो, तर पुढारीपणात आपला वाटा कोणता?

प्रश्न – परळचा तरुण
सर्वांना प्रभूमध्ये सप्रेम सलाम. आमच्या मराठी मंडळीच्या तरुण संघाचे चिटणीसपद पुढील महिन्यापासून माझ्याकडे येत आहे. संघातील बहुतेक मुले आठवडाभर लोकलचे धक्के खाऊन, सुट्टीचा एकच दिवस मिळत असतानाही, रविवारी उपासनेला येतात आणि नंतर खुर्च्या उचलायला थांबतात. त्यांच्यावर हुकूम गाजवणारा पुढारी मला व्हायचे नाही. परंतु खरी नम्रता देवच अंतःकरणात निर्माण करतो, अशी आपली शिकवण आहे. मग मी केवळ प्रार्थना करून वाट पाहावी, की स्वभावाशी झगडावे? आणि नम्र राहून एखाद्याला स्पष्ट नकार कसा द्यावा?

उत्तर – भायखळ्याचा पंच
बंधू, बायबलमधील फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय सावकाश वाचावा. प्रेषित पौल तेथे भीत व कापत आपले तारण साधून घेण्यास सांगतो आणि लगेच त्याचे कारण देतो, की इच्छा आणि कृती ही दोन्ही आपल्या ठायी घडवून आणणारा देव आहे. म्हणजे देव काम करतो म्हणून आपण स्वस्थ बसायचे नाही, तर तो करत आहे याच भरवशावर झटायचे आहे. रागीट माणसाने दात-ओठ दाबून गप्प बसणे आणि पवित्र आत्म्याचे फळ म्हणून येणारी सौम्यता यांत मोठा फरक आहे; पहिली गोष्ट बैठकीपुरती टिकते. बैठकीच्या आदल्या रात्री, ज्याच्याशी आपले पटत नाही त्याच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करावी, आणि आपले म्हणणे खरे ठरावे अशी नव्हे, तर त्याचे भले व्हावे अशी करावी. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात प्रभू येशू भोजनावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुतो. त्या वेळी त्याला धरून देणारा यहूदा अजून बाहेर गेलेला नव्हता. पुढारीपणाबद्दल मला जे काही शिकायचे आहे, ते बहुतेक याच एका प्रसंगात आहे.

उत्तर – वांद्र्याची एक भगिनी
मला पंडिता रमाबाईंचे स्मरण होते. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला आणि १८८९ मध्ये त्यांनी आपल्या मुंबईतच शारदा सदन सुरू केले. विद्वत्ता, कीर्ती, विधवांची अखंड सेवा, सर्व काही होते. तरीही आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण स्वतः ख्रिस्त मिळाला नव्हता, हे बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी उमगले, असे त्यांनी पुढे आपल्या साक्षीत लिहिले. एवढ्या मोठ्या बाईंनी हे लिहून ठेवावे, यातच त्यांची नम्रता दिसते. आणि हे उमगेपर्यंत त्यांनी काम थांबवले नव्हते, हेही आपण ध्यानात घ्यावे.

उत्तर – माहीमचा खजिनदार
वरील दोन्ही उत्तरे मला मान्य आहेत. मात्र नकाराचा प्रश्न मागे पडला. अंत्युखिया शहरात प्रभूचा शिष्य पेत्र चुकला तेव्हा पौलाने त्याला तोंडावर विरोध केला, हे गलतीकरांस पत्रात आहे. तेव्हा नम्रता म्हणजे गप्प राहणे नव्हे. नकार देताना तो आपल्या मानासाठी आहे की मंडळीच्या हितासाठी, एवढे देवापुढे तपासावे आणि शक्यतो त्या भावाला एकांतात सांगावा. पैशाच्या बाबतीत तर पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात, देणगी पोहोचवताना कोणाला दोष देण्यास जागा राहू नये म्हणून सोबत इतर बंधूही पाठवले. आपल्यावर कोणी लक्ष ठेवावे, हे आनंदाने मान्य करणे मला फार मोलाचे वाटते. आपणही संघाच्या सहलीच्या वर्गणीची वही दुसऱ्या एखाद्या सभासदाकडे द्यावी, खर्चावर दोघांच्या सह्या असाव्यात आणि हिशेब दर तिमाहीला, कोणी मागण्यापूर्वीच, संघापुढे वाचून दाखवावा.