सिंहली चित्रकथा मोबाइलवर आली, पण पुढचा अंक कुठाय?

अनिकेत_कोलंबोकर:
कामानिमित्त तीन वर्षं कोलंबोत होतो. तिथेही कॉमिकला 'चित्रकथा'च म्हणतात हे कळलं आणि खूळच लागलं. १९५१ साली 'लंकादीप' दैनिकात जी. एस. फर्नांडो यांची 'नीला' क्रमशः सुरू झाली. १९७२ मध्ये 'सतुट' (म्हणजे आनंद) हे निव्वळ चित्रकथांचं पत्र निघालं, मागोमाग 'सित्तर' (म्हणजे चित्रकार). मग १९८२ ला रूपवाहिनी, म्हणजे श्रीलंकेची सरकारी टीव्ही वाहिनी आली, घरोघरी टीव्ही शिरला, आणि चित्रकथांची उतरण लागली.

आज मोबाइलवर काय आहे? बहुतेक जुन्या अंकांचे स्कॅन. याला डिजिटल होणं नाही म्हणत, हे वर्षश्राद्ध झालं. आठवड्याला एक पान मिळायचं, शेवटच्या चौकटीत नायक कड्याला लोंबकळायचा आणि वाचक सात दिवस तळमळायचा. तीच गोष्ट एका रात्रीत सलग वाचली तर दर पानाला कुणीतरी कड्याला लोंबकळतंय! दहाव्या पानाला हसू येतं.

मृण्मयी:
साफ अमान्य. कोलंबोतल्या मरदान्याजवळच्या जुन्या पुस्तकांच्या टपऱ्यांवर मीही हिंडलेय. एक अंक उचलला तर कोपरा हातात आणि बाकीचा अंक टपरीवर! त्या दमट हवेत न्यूजप्रिंट टिकणार किती? मास्तरांच्या नजरेआड वहीत लपवून वाचणाऱ्या पोरांनी अंक सांभाळले, मोठेपणी स्कॅन केले, म्हणून तुला आज नाकं मुरडायला तरी काही आहे.

आणि कागदाचं एवढं कौतुक नको. मार्च २०२२ मध्ये कागदच मिळेना म्हणून 'दिवयिन' आणि 'द आयलंड' या दैनिकांना छपाई थांबवावी लागली होती.

खिळाजुळारी:
डीटीपीवाला आहे, म्हणून वेगळंच टोचतं. जुन्या पानांत संवाद हाताने लिहिलेले. सिंहली अक्षर गोलमटोल, वर-खाली 'पिल्लम', म्हणजे आपल्या वेलांट्या-उकार. चित्रकार फुग्याच्या आकाराप्रमाणे अक्षर दाबायचा, फुगवायचा. ओरडणाऱ्याचं अक्षरही ओरडायचं. आता फाँट टाकला की खालच्या ओळीचा वरचा पिल्लम वरच्या ओळीत घुसतो. मग ओळी सुट्या करा, फुगा मोठा करा, नायिकेचं कपाळ झाका. जोडाक्षरं फुटण्याचा ताप देवनागरीत आपणही भोगलाय. अक्षर हाताने काढा, मग खुशाल डिजिटल करा.

नाना_फुकटे_नाहीत:
सगळं खरं, पण चित्रकाराला काय मिळतं? 'किशोर'चे जुने अंक बालभारतीने स्वतः नेटवर मोफत ठेवले. माल त्यांचा, मर्जी त्यांची. चाहत्यांनी परस्पर स्कॅन चढवणं ही प्रेमाने केलेली चोरीच. त्यापेक्षा व्यंगचित्रकार कॅमिलस परेरांचा गजमन बघा. कागदावरचा विनोदी इसम २०२३ मध्ये थ्रीडी अ‍ॅनिमेशनपटाचा नायक झाला. पुढे जाणं म्हणतात ते हे.

मृण्मयी:
नाना, गजमन एकच. पत्र बंद, प्रकाशक गायब, अशा बाकीच्या चित्रकथांची परवानगी मागायची कुणाकडे? तोवर वाळवीने थांबायचं का?

अनिकेत_कोलंबोकर:
वाळवीचा मुद्दा मान्य, 'श्राद्ध' मागे घेतो. पण जतन करणं वेगळं आणि नवं काढणं वेगळं. फेसबुकवर नवीन निघतंय ते बहुतेक चार चौकटींचे विनोद. अंगठ्याने सरकवले की संपले. दर आठवड्याला एक पान टाकून मला तळमळत ठेवणारी लांबलचक सिंहली चित्रकथा कुणाला माहीत असेल तर दुवा द्या. पैसे भरून वाचेन, नानांची शपथ.

मृण्मयी:
आधी तुझं कँडीचं प्रवासवर्णन पूर्ण कर. दुसऱ्या भागाखाली 'क्रमशः' लिहून आठ महिने झाले.