मदत हवी आहे: छोट्या जागेत कलाकारांना किमान मानधन कसं ठरवता?

पुण्यात आमची ६० खुर्च्यांची जागा आहे. स्वतःची गाणी करणारे बँड इथे वाजवतात. दारू विकत नाही, कमाई फक्त तिकिटांची. दर ३०० रुपये. ५०० पर्यंत जीएसटी लागत नाही, पण विद्यार्थी येतात म्हणून वाढवायचा नाही.

गल्ल्यातला ७० टक्के वाटा देऊन पाहिला. पावसाळ्यात वीसच माणसं आली की चौघांना माणशी जेमतेम हजार, टेम्पोचं भाडंही त्यातूनच! ठरावीक मानधन दिलं तेव्हा साउंडवाल्याचे पैसे आम्ही पदरचे भरले. कलाकाराकडून भाडं मात्र कधीच घेणार नाही.

किमान रक्कम अधिक वाटा असा करार कुणी चालवता का? किमान आकडा कशावरून काढता? आणि गायक आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांच्या वतीने गाण्यांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सदस्य असेल, तर त्याच्याच गाण्यांसाठी आम्हाला परवाना घ्यावा लागतो का?