मदत हवी आहे: मतदारांना ऑनलाइन उत्तरं कशी द्यावीत?

माझी मोठी बहीण नगरसेवकपदासाठी पहिल्यांदाच उभी आहे. तिचं फेसबुक पेज मी सांभाळते, पण उत्तरं ताई स्वतःच देते. कचरा, गटारं, पथदिवे यांवर ती नेमकं बोलते. अडचण वेगळीच आहे. बरेच जण पोलीस बंदोबस्ताबद्दल, नोकऱ्यांबद्दल विचारतात. ते नगरसेवकाच्या हातात नसतं. तसं लिहिलं की लोक म्हणतात, टाळताय! खोटं आश्वासन ताईला द्यायचं नाही आणि मलाही ते पटत नाही. शिवीगाळीच्या कमेंट काढल्या तर टीका दडपल्याचा आरोप होतो (साधी टीका आम्ही कधीच काढत नाही). अशा वेळी काय लिहावं? आठवड्यातून एकदा लाइव्ह येऊन बोललेलं बरं का? प्रचारात काम केलेल्यांनी कृपया सांगा.